पेशी मरतात म्हणून सूज येते, की पेशी मेल्या म्हणूनच जखम भरते?

निशिगंध (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बाबांच्या डाव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी जखम आहे. चार महिने झाले. मधुमेह वीस वर्षांचा. दर आठवड्याला ड्रेसिंगला नेते आणि दर वेळी सर्जन कात्रीने कडेचं पांढरट-पिवळं काहीतरी कापून टाकतात. मागच्या वेळी धीर करून विचारलं की हे परत परत का तयार होतं. ते म्हणाले, "मेलेलं काढलं नाही तर खालचं जिवंत वर येणार नाही." मग जाता जाता म्हणाले, "पेशी मरणं हा बरं होण्याचाच भाग असतो." बाहेर रांग होती, पुढे विचारता आलं नाही.

घरी येऊन रात्री वाचत बसले. एका ठिकाणी लिहिलंय की मेलेल्या पेशींमुळे दाह होतो, सूज टिकून राहते, जखम चिघळते. दुसरीकडे लिहिलंय की पेशींचा मृत्यू थांबवला तर जखम भरतच नाही. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल? आणि पेशी मरण्यानेच सूज येत असेल तर ते मरणं थांबवणारं औषध का नाही देत? कुणी जाणकाराने सोप्या भाषेत सांगावं. मी वाणिज्य शाखेची आहे, पण नीट सांगितलं तर समजून घ्यायची तयारी आहे.

---

उनाड_पाखरू

प्रश्न फार आवडला. उत्तर माहीत नाही, पण धाग्यावर बसून आहे. बाबांना लवकर आराम पडो.

---

तर्ककुठार

दोन्ही वाक्यं एकत्र खरी असू शकत नाहीत, एवढं साधं आहे. मेलेलं ते मेलेलं. शरीराला त्याचा उपयोग शून्य, त्रास शंभर. सूज हा शत्रू आहे, म्हणून तर सूज उतरवणाऱ्या गोळ्या देतात. पेशी मरणं "बरं होण्याचा भाग" वगैरे हे पेशंटला समजावण्यासाठी बोललेलं वाक्य वाटतं.

---

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. मेलेल्या पेशी बघण्यातच दिवस जातो, त्यामुळे राहवलं नाही. तर्ककुठार, "मेलेलं ते मेलेलं" इथेच गाडी चुकते. पेशी कशी मेली यावर पुढचं सगळं ठरतं.

जॉन केर नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९६० च्या दशकात उंदरांच्या यकृताचा रक्तपुरवठा अंशतः तोडून पाहिला. एकाच यकृतात त्याला दोन प्रकारची मरणं दिसली. काही भागांत पेशींचे पट्टेच्या पट्टे फुगून, फुटून मेलेले आणि भोवती पांढऱ्या पेशींची गर्दी. उरलेल्या भागात मात्र एखादीच पेशी इथे तिथे आक्रसून, तुकडे होऊन मरत होती आणि शेजारी ढिम्म. ना सूज, ना गर्दी. ते तुकडे शेजारच्या पेशीच गिळून टाकत होत्या. १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी या दुसऱ्या मरणाला ॲपॉप्टोसिस हे नाव दिलं. ग्रीक शब्द आहे, अर्थ झाडावरून पान किंवा पाकळी गळणं. मला तरी हे विज्ञानातलं सर्वांत समर्पक बारसं वाटतं. पान गळतं तेव्हा झाड देठाशी आधीच बंदोबस्त करून ठेवतं, म्हणून गळाल्यावर फांदीला जखम होत नाही.

पहिल्या प्रकाराला नेक्रोसिस म्हणतात. भाजलं, चिरडलं, रक्त पोचलं नाही की पेशीचं आवरण फाटतं आणि आतला माल बाहेर सांडतो. एटीपी, युरिक ॲसिड, एचएमजीबी-१ नावाचं केंद्रकातलं प्रथिन, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए. या वस्तू पेशीच्या आत असतात तोवर रोजच्या कामाच्या. बाहेर दिसल्या की आरोळी. आजूबाजूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गळतात, पांढऱ्या पेशी धावत येतात. लाली, गरमी, सूज, ठणका. जंतू एकही नसला तरी.

म्हणजे निशिगंध, तुम्ही वाचलेलं पहिलं वाक्य या मरणाबद्दल होतं.

---

मधली_सुट्टी

मायटोकॉन्ड्रियाचं अजून थोडं सांगतो, कारण आम्हाला नुकतंच शिकवलं आणि मी वर्गात खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. मायटोकॉन्ड्रिया हे मुळात कधीकाळी पेशीत राहायला आलेले जिवाणू. आज त्यांच्याशिवाय आपलं पान हलत नाही, पण त्यांची काही प्रथिनं आणि डीएनए अजून जिवाणूंच्या घडणीचेच आहेत. त्यामुळे जबर मार लागून ते रक्तात सांडले की पांढऱ्या पेशींना वाटतं जंतूच घुसले. २०१० मध्ये मोठ्या अपघातातल्या जखमींच्या रक्तात हे दाखवलं गेलं. जंतुसंसर्ग नसताना जंतुसंसर्गासारखा ताप आणि दाह का येतो, त्याचं हे एक उत्तर.

---

उनाड_पाखरू

म्हणजे कोट्यवधी वर्षांचा भाडेकरू, पण दारात दिसला की अजूनही चोर म्हणून ओरडा! 🙂

---

जुना_जीवशास्त्र

पाखरू, उपमा झकास.

शाळेत तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे थोडा इतिहास सांगितल्याशिवाय हात थांबत नाही. दाहाची लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात लिहून ठेवली. पण आत काय चाललंय ते दिसायला १८८२ उजाडावं लागलं. मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तेव्हा सिसिलीतल्या मेसिनाला होता. घरची मंडळी सर्कस बघायला गेली आणि हा एकटा सूक्ष्मदर्शकापाशी. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्याने गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्याभोवती भटक्या पेशींचं कडं. त्या अळीला रक्तवाहिन्याच नसतात, तरी पेशी धावून आल्या होत्या. १९०८ चं नोबेल त्याला एर्लिखबरोबर मिळालं. सूज हे शरीराने हाती घेतलेलं काम आहे, हा विचार तिथून रुजला.

आणि पेशीमृत्यू फक्त आजारात होतो हा समज तर सोडूनच द्या. गर्भात आपला हात आधी वल्ह्यासारखा असतो. बोटांमधल्या पेशी मरतात म्हणून बोटं सुटी होतात. सी. एलेगन्स नावाच्या मिलिमीटरभर कृमीच्या शरीरात वाढताना १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या नेमक्या १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच १३१! कुठली पेशी केव्हा मरणार, याची नोंद ठेवता येते. त्या कामाला २००२ चं नोबेल मिळालं.

मुलांना हे सांगितलं की वर्गात एकदम शांतता व्हायची. ती शांतता मला फार प्रिय होती.

---

तर्ककुठार

सूक्ष्मदर्शी, तुमचं पटतंय. पण मग माझाच मुद्दा सिद्ध झाला. एक चांगलं मरण, एक वाईट मरण. वाईट थांबवा, सूज थांबेल. निशिगंध यांचा प्रश्न बरोबर आहे: औषध का नाही?

---

सूक्ष्मदर्शी

चांगलं आणि वाईट अशी वाटणी करायचा मोह मलाही झाला होता. गेल्या पंचवीस वर्षांत ती टिकली नाही.

फुटून मरणं हा दर वेळी अपघात नसतो. पेशी ठरवूनही फुटते. असं समजा, विषाणू पेशीत शिरलाय आणि त्याने पेशीचं शांत मरणाचं यंत्र अडवून ठेवलंय, म्हणजे त्याला आत आरामात वाढता येईल. काही विषाणू खरोखर हे करतात. तेव्हा पेशी दुसरं यंत्र चालू करते, स्वतःच्या आवरणाला भोकं पाडते आणि आरडाओरडा करत मरते. याला नेक्रॉप्टोसिस म्हणतात, हे नाव २००५ चं. जिवाणू आत शिरले तर पायरॉप्टोसिस. त्यात भोकं पाडणारं प्रथिन गॅसडर्मिन-डी, त्याची ही भूमिका २०१५ मध्ये उघड झाली. त्या भोकांतून इंटरल्यूकिन-१ हे दाहाचा निरोप देणारं प्रथिन बाहेर पडतं आणि अंगात ताप भरतो.

न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा प्रकार तर विलक्षण आहे. २००४ मध्ये दिसलं की त्या स्वतःचा डीएनए उसवून बाहेर जाळ्यासारखा फेकतात. जंतू त्यात अडकतात. बहुतेक वेळा ती पेशी त्यातच मरते.

ही सगळी मरणं दाह वाढवतात आणि ताज्या जखमेत त्यांची गरजही असते. सरसकट थांबवली तर जंतूंना रान मोकळं.

---

पट्टीवाली

मी परिचारिका आहे, जखमांच्या विभागात एकोणीस वर्षं. वरचे शब्द मला निम्मे नवीन, पण डोळ्यांनी हे रोज बघते, म्हणून लिहिते.

निशिगंधताई, जखमेचा रंग बघायला शिका. लाल, दाणेदार, ओलसर, जरा हात लागला की टचकन रक्त येणारं, ते चांगलं. आम्ही त्याला मांसांकुर आले म्हणतो. पिवळं, चिकट, सायीसारखं बसलेलं, त्यात मेलेल्या पेशी, पू, तंतू सगळं कालवलेलं असतं. काळं, कडक, चामड्यासारखं, तो मेलेल्या कातडीचा पापुद्रा. सर्जन काढतात ते बहुतेक पिवळं आणि कडेचा घट्टा. काढल्यावर रक्त येतं तेव्हा घाबरू नका, रक्त येणं म्हणजे जिवंत थर लागला.

पण सगळंच मेलेलं कापायचं असतं असं नाही, हे इथे मुद्दाम सांगते. टाचेवर कोरडं, घट्ट बसलेलं काळं कवच असेल, भोवती लाली नाही, ओल नाही, आणि पायाला रक्त कमी पोचतंय, तर आम्ही त्याला हात लावत नाही. ते झाकणाचं काम करतं. खाली रक्तच नसेल तर कापून उघडी केलेली जखम भरणार कशाने? आधी रक्तपुरवठा तपासतात, मग ठरवतात. घरी कुणी ब्लेड-नेलकटर घेऊन बसू नका. एका घरी हे केलेलं मी पाहिलंय. नंतर बोट गेलं.

आणि पाया पडते, जखम "वाऱ्यावर सुकवू" नका. कोरड्या खपलीखालून नव्या कातडीला वाट काढावी लागते. जॉर्ज विंटरने १९६२ मध्ये डुकरांवर दाखवलं की झाकलेली, ओलसर जखम उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने कातडी धरते. साठ वर्षं होऊन गेली तरी लोक पट्टी काढून पंख्याखाली बसतात.

---

कोरा_कागद

पट्टीवालीताई, पू हिरवट दिसला तर? माझ्या गळवातला हिरवा होता, फार घाबरलो होतो.

---

पट्टीवाली

एक तर अमुक जातीचे जंतू असतात, त्याचा वासच वेगळा येतो, नाकाला कळतं. पण जंतूंशिवायही हिरवट छटा असते. तिचं कारण सूक्ष्मदर्शी सांगतील.

---

सूक्ष्मदर्शी

न्यूट्रोफिलच्या पोटात मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. रंगाने हिरवं, कारण त्यात लोह बांधलेला हीम गट असतो. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलचा ढीग, म्हणून ती छटा.

अवांतर: युरोपात कितीतरी शतकं जखमेतला घट्ट, पांढरा पू "स्तुत्य" मानायचे. पू धरला म्हणजे रोगी वाचणार अशी समजूत. चूकच होती ती, पण त्यामागचं निरीक्षण अगदीच पोकळ नव्हतं असं मला वाटतं. पातळ, रक्ताळ, दुर्गंधी स्राव असलेले रोगी अनेकदा पसरत्या संसर्गाने दगावत आणि घट्ट पूवाल्यांचा संसर्ग निदान एका जागी कोंडलेला असे.

---

तर्ककुठार

अवांतर पुरे. सूज उतरवण्याबद्दल कुणीच बोललं नाही.

---

उनाड_पाखरू

त्यावर माझा अनुभव आहे. मला एका आजारासाठी बरेच महिने स्टेरॉइड, म्हणजे सूज दाबणारं औषध, चालू होतं. मधेच पोटाची शस्त्रक्रिया करावी लागली. टाके काढले आणि दोन दिवसांत जखम अर्धी उसवली. ना पू, ना लाली, ना ताप. सूज तर नावाला नव्हती, आणि भरायचं नावही नाही. फिकट, ओली, गप्प बसलेली जखम. सव्वादोन महिने लागले. तेव्हा मला वाटायचं, सूज नाही म्हणजे किती छान. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "जरा लाल झाली असती तर मला बरं वाटलं असतं."

---

तर्ककुठार

हे मला माहीत नव्हतं. सूज हा शत्रू, हे माझं वाक्य मागे घेतो. पण निशिगंध यांच्या बाबांची सूज चार महिने आहे. ती तर कामाची नाही ना? कामाची सूज आणि निकामी सूज यांत फरक कशाने पडतो?

---

जुना_जीवशास्त्र

नेमका प्रश्न विचारलात. माझ्या मते या धाग्याचं मर्म इथे आहे: सूज थांबते कशी?

पूर्वी समजूत अशी की जंतू संपले, निरोप थांबले की सूज आपोआप विझते, तेल संपलेल्या दिव्यासारखी. तसं होत नाही. ती कुणीतरी विझवावी लागते.

जखम झाली की काही तासांत न्यूट्रोफिल येतात. आपली अस्थिमज्जा रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल बनवते आणि त्यांचं आयुष्य अगदी थोडं. काम झालं की त्यांनी मरायचं असतं, आणि शक्यतो पान गळाल्यासारखं. पण मेल्या म्हणजे संपलं नाही, प्रेत पडून राहिलं तर तेही शेवटी फुटतं आणि पुन्हा आरोळी. ते वेळेत उचलायला मॅक्रोफेज लागतात, मराठीत महाभक्षी पेशी म्हणू. दोन-तीन दिवसांत जखमेत त्यांचं राज्य सुरू होतं. १९८९ मध्ये सॅव्हिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वय झालेला न्यूट्रोफिल ॲपॉप्टोसिसच्या वाटेला लागला की मॅक्रोफेज त्याला ओळखून अख्खा गिळतो, आतलं काही सांडण्याआधी.

ओळखतो कसा? पेशीच्या आवरणाच्या आतल्या बाजूला फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. मरू घातलेली पेशी तो बाहेरच्या बाजूला आणते. कोट उलटा घातल्यासारखं, अस्तर दिसलं की समजायचं, हिला उचला.

आणि आता जे सांगतोय ते मी निवृत्त झाल्यावर वाचलं आणि वर्गात सांगता आलं नाही याची अजून रुखरुख आहे. ते प्रेत गिळल्यावर मॅक्रोफेज स्वतः बदलतो. १९९८ मध्ये हे स्पष्ट झालं. तोवर तो दाह पेटवणारे निरोप पाठवत असतो. गिळल्यावर ते थांबवतो आणि टीजीएफ-बीटासारखे शांत करणारे, तंतुपेशींना (जखमेत नवे तंतू विणणाऱ्या पेशींना) कामाला लावणारे निरोप पाठवू लागतो. पाडापाडी करणारा मुकादम त्याच जागेवर बांधकाम सुरू करतो, आणि त्याला ही बदली कळते ती मेलेल्या पेशीकडून.

या गिळण्याला एफेरोसायटोसिस म्हणतात. मुळातल्या लॅटिन शब्दाचा अर्थ प्रेत उचलून स्मशानात नेणं. मी आपला "पेशीचा अंत्यसंस्कार" म्हणतो.

---

उनाड_पाखरू

काका, अंगावर काटा आला. म्हणजे मेलेली पेशीच सांगते, "आता आवरा."

---

मधली_सुट्टी

आणि "आता वाढा" हेही सांगते! हायड्रा मधोमध कापला की डोकं उगवायच्या टोकाला बऱ्याच पेशी ॲपॉप्टोसिसने मरतात. त्या मरताना डब्ल्यूएनटी-३ नावाचं प्रथिन सोडतात, त्याने शेजारच्या पेशी विभागू लागतात. मरणं अडवलं तर डोकं येत नाही. २००९ चं संशोधन. बेडकाच्या पिल्लाची शेपटी तोडल्यावरही तसंच, सुरुवातीचं पेशीमरण अडवलं की शेपटी उगवत नाही.

---

तर्ककुठार

हायड्रा कापला की दोन होतात. माणूस कापला की काय होतं ते सर्वांना माहीत आहे. सस्तन प्राण्यांत असं काही आहे?

---

मधली_सुट्टी

आहे. २०१० मध्ये उंदरांवर झालं. ॲपॉप्टोसिस घडवणारी कॅस्पेज-३ किंवा कॅस्पेज-७ ही एन्झाइम नसलेल्या उंदरांत कातडीची जखम हळू भरली आणि यकृतही हळू वाढलं. मरणाऱ्या पेशींमध्ये ती एन्झाइम प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं निरोप देणारं रसायन तयार करवतात आणि त्याने मूळपेशी जाग्या होतात, असं त्यात दिसलं. गंमत म्हणजे सूज उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळ्या हेच प्रोस्टाग्लँडिन कमी करतात.

---

सूक्ष्मदर्शी

बरोबर. पण यावरून कुणी दुखत असताना लिहून दिलेली गोळी बंद करू नये. उंदराच्या प्रयोगातून आपल्या गोळीचा डोस ठरत नसतो.

---

कोरा_कागद

माझी गोष्ट उलट आहे. खांद्यावरची छोटी जखम कधीच भरली, पण व्रण वाढतच राहिला. आता तो जखमेपेक्षा तिप्पट मोठा, कडक, खाजरा. केलॉइड म्हणतात. यातही पेशीमृत्यूचा काही संबंध?

---

सूक्ष्मदर्शी

आहे आणि फार जवळचा आहे. पट्टीवालींनी सांगितलेले ते लाल दाणे म्हणजे नव्या रक्तवाहिन्या आणि तंतुपेशींची दाटी. त्यातल्या काही तंतुपेशींना स्नायूंसारखं आकसता येतं, त्या जखमेच्या कडा ओढून आणतात. जखम मिटली की या कामकऱ्यांची गरज संपते. १९९५ मध्ये दाखवलं गेलं की त्या मोठ्या संख्येने ॲपॉप्टोसिसने मरतात आणि लाल मांसाचा फिकट, कमी पेशींचा व्रण होतो. तुमचा व्रण कालांतराने पांढरा पडतो तो यामुळे. (मूळ कातडीची ताकद मात्र त्याला परत मिळत नाही, फार तर ८० टक्क्यांपर्यंत पोचते.)

केलॉइडमधल्या तंतुपेशी मरणाला दाद देत नाहीत आणि तंतू विणतच राहतात. कामगार गेलेच नाहीत, भिंत वाढतच राहिली. नुसता कापून टाकला तर अनेकदा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो. म्हणून त्यात इंजेक्शन, दाब, कधी किरणोपचार असं जोडून करतात. त्वचातज्ज्ञांना न विचारता काही करू नका.

---

कोरा_कागद

इतकी वर्षं वाटत होतं माझ्या अंगाला जखम भरणं जमत नाही. भरणं थांबवणं जमत नाही, हे आज कळलं. धन्यवाद.

---

निशिगंध

दोन दिवस बाबांजवळ होते, आज सगळं सलग वाचलं. दोनदा वाचलं. तुम्हा सर्वांचे किती आभार मानू!

पण माझे दोन प्रश्न अजून अडलेत. बाबांच्याच जखमेत हा अंत्यसंस्कार का होत नाही? आणि औषधाचं काय?

---

सूक्ष्मदर्शी

आधी औषधाचं. पेशीला मरायच्या अनेक वाटा असतात आणि एक बंद केली की ती दुसरीने जाते. कॅस्पेज-८ हे शांत मरणाचं एक मुख्य एन्झाइम. ते काढून टाकलेले उंदीर जगायला हवे होते ना, मरण अडवलंय म्हणून? ते गर्भातच मरत. का, हे बरीच वर्षं कोडं होतं. २०११ मध्ये उलगडलं: कॅस्पेज-८ नसलं की आरआयपीके-३ हे नेक्रॉप्टोसिसचं प्रथिन मोकाट सुटतं. तेही काढलं तर पिल्लं जन्माला आली, वाढली. आणि नुसत्या कातडीतून कॅस्पेज-८ काढलेल्या उंदरांची कातडी दाहाने पेटून उठते. शांत दरवाजा लावला तर पेशी भिंत फोडून बाहेर पडते, असं म्हणा. म्हणून "मरण थांबवणारी गोळी" जखमेसाठी आज नाही.

आता बाबांची जखम. तिथे एकाच वेळी चार गोष्टी बिघडलेल्या असू शकतात. साखर जास्त असली की न्यूट्रोफिल त्या डीएनएच्या जाळ्या फेकायला उतावीळ होतात. २०१५ मध्ये मधुमेही उंदरांत दिसलं की या जाळ्या जखम भरू देत नाहीत, आणि त्या बनवणारं एन्झाइम नसलेल्या उंदरांत जखम लवकर भरते. दुसरं, मधुमेहात मॅक्रोफेज प्रेतं उचलण्यात मंदावतात, म्हणून ती "बदली" होतच नाही. तिसरं, रक्तवाहिन्या अरुंद असतील तर पेशी उपाशी मरतात.

चौथं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बाबांच्या तळव्याला संवेदना आहे का? नसेल तर ते त्या जखमेवर दिवसभर चालत असणार. दुखत नाही म्हणून चालतात. प्रत्येक पावलाला पेशी चिरडतात आणि फुटून मरतात. आठवडाभरात नवा ढीग, तोच तुमचे सर्जन कापतात. कापल्याने आरोळी देणारा माल आणि त्यात घर केलेले जंतू निघतात, चार महिन्यांची रुतलेली जखम पुन्हा ताज्या जखमेसारखी होते. पण दाब तसाच राहिला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

---

पट्टीवाली

ताई, बाबा घरात कसे चालतात? संडास-बाथरूमला अनवाणी जातात का? पायावरचा भार कमी करायला काही दिलंय का, प्लास्टर किंवा खास बूट?

---

निशिगंध

अनवाणीच. "दुखत नाही, मग काय हरकत" म्हणतात. आणि मीच कौतुक करत होते की बघा, किती हिंडतात. बूट-प्लास्टरचं कुणी बोललं नव्हतं, किंवा बोलले असतील आणि मला कळलं नसेल. उद्याच विचारते.

---

तर्ककुठार

निशिगंध, पायाचा रक्तपुरवठाही तपासून घ्या असं म्हणणार होतो, पण पट्टीवाली यांनी आधीच लिहिलंय. कागदावर प्रश्न लिहून न्या. रांग असली तरी कागद हातात असला की थांबून उत्तर देतात, माझा अनुभव.

---

निशिगंध

अपडेट. कागद नेला. बरीच उत्तरं मिळाली. तळव्याला बारीक तारेने टोचून बघितलं, दहापैकी सात ठिकाणी बाबांना काही कळलं नाही. बाबाच जास्त घाबरले. पायाच्या नाडीची डॉपलर तपासणी झाली, रक्त ठीक पोचतंय म्हणाले. गुडघ्यापर्यंतचं प्लास्टर घातलंय, तळव्याचा भार वाटून देणारं. दर आठवड्याला बदलायचं. साखरेची औषधंही बदलली.

सर्जनना सांगितलं की पेशी मरतात त्या कशा मरतात त्यावर सगळं असतं ना? ते कात्री खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले, मग हसले आणि स्टुलावर बसून दहा मिनिटं बोलले. ते पिवळं काढताना या वेळी मी तोंड फिरवलं नाही.

---

जुना_जीवशास्त्र

वा! बाबांना सांगा, एक निवृत्त मास्तर त्यांच्या मॅक्रोफेजची विचारपूस करतोय.

---

पट्टीवाली

छान झालं. आता एक काम करा. प्लास्टर बदलताना जखमेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढत चला, लांबी-रुंदी तारखेनिशी वहीत लिहा. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्याच्या आसपास उतरलं तर जखम रस्त्याला लागली असं आम्ही धरतो. उतरलं नाही तर पाचव्या आठवड्यापर्यंत थांबू नका, वही घेऊन जा आणि दाखवा. प्लास्टरमधून वास आला, ओल दिसली, ताप आला किंवा बोटं निळसर पडली तर आठवडाही थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं.

---

निशिगंध

आजची नोंद: ३.१ बाय २.४ सेंटिमीटर. पुढची पुढच्या मंगळवारी इथेच लिहीन.